फ्लेक्स फ्युएल सेन्सर बसवताना या चुका टाळा

फ्लेक्स फ्युएल सेन्सर म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे ते मोजून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगणारा भाग. मागच्या मे महिन्यात लातूरहून एक टर्बो लावलेली हॅचबॅक आमच्या वाळूजच्या गॅरेजात आली. मालक पंचविशीतला पोरगा. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "दादा, सेन्सर बाद आहे. नवा मागवायलोय." लॅपटॉप जोडून बघितलं तर इथेनॉलचा आकडा कधी १९, कधी ४७, अन् रेस दिली की थेट ६०. टाकीत मात्र पंपावरचं साधं पेट्रोल. सेन्सरला मी हातही लावला नाही. त्याची अर्थची वायर बॉडीला रंगावरच बोल्ट मारून कसली होती आणि सिग्नलची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींसोबत एकाच टेपात गुंडाळली होती. रंग खरवडून अर्थ नीट केला, सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने नेली. आकडा १९ वर येऊन बसला.

हा सेन्सर मोठा चिवट आहे. बाजारात जास्त करून जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाड्यांतला कॉन्टिनेन्टलचा तीन वायरींचा मिळतो. आजवर माझ्याकडे "बाद" म्हणून आलेल्यांपैकी बहुतेक नीटच निघाले. घोळ होता तो त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाइपात नाहीतर मागच्या तीन वायरींत.

आधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण आपल्याकडे हा प्रश्न हटकून येतो. बीड, लातूर, धाराशिव म्हणजे उसाचा पट्टा. पोरांना वाटतं, शेजारच्या कारखान्यावरून एक कॅन इथेनॉल आणू अन् टाकीत ओतू. तसं करू नका. आसवनीतल्या मालाचा हिशोब राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे असतो, परवान्याशिवाय तो बाहेर नेणं गुन्हा आहे. ई-१००चा, म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉलचा, पथदर्शी प्रकल्प पुण्यात ५ जून २०२१ ला सुरू झाला, मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या १८३ पंपांवर ते आलं. आपल्या नेहमीच्या पंपावर मात्र ई-२०च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आणि आरसीवर नोंद नसलेला बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो, अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारून या.

क्लिप मारून भागवणं

या चुकीने गाडी पेटते. सेन्सरची दोन्ही तोंडं ३/८ इंची क्विक कनेक्टची असतात. बाहेरून नळी गुळगुळीत, तिच्यावर एक गोल उंचवटा. त्यावर रबरी होज सरकवून वर होज क्लिप आवळली की पहिल्या दिवशी गळत नाही. इंजेक्टरला जाणाऱ्या लाइनमध्ये तीन-चार बारचा दाब असतो, होज हळूहळू मागे सरकते, आणि बॉनेटखाली गरम मॅनिफोल्ड असतो. योग्य कनेक्टर आणा आणि आतली ओ-रिंग इथेनॉलला चालणारी, व्हायटॉनची आहे ना ते बघा. इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा, "टक" आवाज आला पाहिजे. नंतर उलटं ओढून बघा. निघाला तर तो बसलाच नव्हता.

होजचंही तेच. जुन्या साध्या रबराला इथेनॉल फुगवतं, मग तडे जातात. पीटीएफई (टेफ्लॉन) नाहीतर इथेनॉलसाठीच बनवलेली होज घ्या. झालं की इंजिन चालू न करता चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करा, पंप दर वेळी दोनेक सेकंद दाब भरतो. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू ओला तर काम परत. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून मगच हे करायचं.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत हा सेन्सर रेलच्या (इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीच्या) बाजूला बसवायचा विचारही करू नका. तिथं दाब १०० बारच्या वर असतो. त्याची जागा कमी दाबाच्या लाइनमध्ये, हाय प्रेशर पंपाच्या अलीकडे.

जागा चुकणं

रिटर्न लाइन, म्हणजे न लागलेलं इंधन टाकीत परत नेणारी नळी, असलेल्या गाडीत सेन्सर रिटर्नवर लावावा. दाब कमी असतो, इंधन सतत फिरत असतं आणि सेन्सरच्या बारीक भोकामुळे इंजेक्टरचा पुरवठा अडत नाही. रिटर्न नसेल तर फीड लाइनवर, फिल्टरच्या पुढे. टी (तीन तोंडांचा जोड) लावून बंद फांदीत बसवलेला सेन्सर एकदा पाहिला. त्या फांदीत इंधन हलतच नव्हतं, त्यामुळे तो गेल्या महिन्याचं पेट्रोल वाचत बसला होता.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या घरात जातो. त्यात सेन्सर एक्झॉस्टजवळ आला तर इंधनाची वाफ धरते, फुगे सेन्सरमधून जातात आणि आकडा खाली पडतो. उष्णतेपासून लांब, ब्रॅकेटवर पक्का लावा; होजच्या भरवशावर लोंबकळत ठेवू नका.

मेलेला नसलेला सेन्सर

वायरी तीन: १२ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. पाच व्होल्टचा समजून ईसीयूच्या ५ व्होल्टवर जोडला तर तो काम देत नाही. बरं, सिग्नलची वायर स्वतःहून व्होल्टेज देत नाही, ती फक्त खाली खेचते. म्हणून ५ व्होल्ट आणि सिग्नल यांच्यामध्ये एक रेझिस्टर लागतो, २.२ ते ४.७ किलोओहमचा. काही ईसीयूत तो आतच असतो, काहींत नसतो. नसेल आणि तुम्ही लावला नाही, तर मीटरवर शून्य दिसतं आणि माणूस सेन्सर कचऱ्यात टाकतो. असे दोन सेन्सर मी कचऱ्यातून उचललेत, एक अजून चालू आहे.

मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवा. ५० हर्ट्झ म्हणजे इथेनॉल शून्य, १५० म्हणजे शंभर टक्के. मीटरच्या आकड्यातून ५० वजा करा, आलं उत्तर. ई-२० ला साधारण ७० दिसायला हवं. एखादा आकडा इकडं-तिकडं झाला तर घाबरू नका. पल्सची रुंदी इंधनाचं तापमान सांगते, १ मिलिसेकंद म्हणजे उणे ४०, ५ म्हणजे १२५ अंश. ईसीयूला ते वाचता येत असेल तर वाचू द्या.

मीटर १८०-१९० हर्ट्झ दाखवत असेल तर टाकीत पाणी असल्याची शंका घ्या. कारण सेन्सर डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे द्रव विजेचा भार कितपत धरून ठेवू देतो त्या आकड्यावर, चालतो: पेट्रोलचा २ च्या आसपास, इथेनॉलचा २४, पाण्याचा ८०. थोडं पाणीही त्याला गोंधळात टाकतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जास्त झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, जिथून पंप ओढतो. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर आधी टाकी रिकामी करा.

सेन्सर बंद पडला तर ईसीयू काय करणार?

हे कुणी ठरवतच नाही. समजा टाकीत वीस लिटर ई-२० आणि दहा लिटर ई-१०० आहे. इथेनॉल झालं जवळपास ४७ टक्के. वायर तुटली आणि ईसीयूने शून्य टक्के धरलं, तर इंधन कमी पडतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-८५ ला ९.८, म्हणजे ई-८५ ला वजनाने दीडपट इंधन. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, असं लीन (हवा जास्त, इंधन कमी) झालं की पिस्टन गेला. उलट बाजूने, शंभर टक्के धरलं तर इंधन जास्त पडेल, पण टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे जाऊन पेट्रोलवर नॉक (सिलिंडरमध्ये अवेळी भडका) होईल. म्हणून दोन्ही वेगळं धरायचं. इंधनासाठी शेवटचा बरा आकडा, टायमिंगसाठी पेट्रोलचा मॅप (ईसीयूतला आकड्यांचा तक्ता), आणि बूस्ट सगळ्यात खाली. सेन्सरचा प्लग काढून, गाडी उभी असताना, ईसीयू खरंच असं करतो का ते एकदा बघा. इंजेक्टर आणि पंप तेवढं इंधन देऊ शकतात का, हेही मॅप लिहिण्याआधी तपासायचं.

लातूरच्या गाडीला सगळं जमवल्यावर पोरगा म्हणाला, "दादा, आकडा खराय कशावरून?" शंभर मिलीची मोजनळी काढली. दहा मिली पाणी, वर नव्वद मिली त्याच टाकीतलं पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिली. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. पाच मिनिटांनी खालचा थर २७ च्या रेषेवर होता. म्हणजे १७ मिली इथेनॉल, नव्वदातले एकोणीस टक्के. मीटरवर ६९ हर्ट्झ. पोरगा बराच वेळ नळीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ही नळी कुठं मिळती?"