पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याला पुळणीवर न्या

2025 च्या गणपतीत, रात्रीची जेवणं आटोपल्यावर माझा एकोणीस वर्षांचा भाचा ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, पृथ्वी गोल आहे हे तू स्वतः कधी बघितलंयस?"

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. उपग्रहांचे फोटो आहेत की, असं मी म्हणाले. "ते कॉम्प्युटरवर बनवतात." बरं, मॅगेलानची जहाजं निघाली आणि 1522 साली त्यातलं एक पूर्ण फेरी मारून परत आलं. "ताटातसुद्धा गोल फेरी मारता येते, आत्या."

हे दुसरं उत्तर बिनतोड होतं. पूर्व-पश्चिम फेरी सपाट ताटावरही होते. माझं म्हणणं खरं होतं, पण मी दिलेला पुरावा लंगडा होता, आणि एकतीस वर्षं मी तोच पुरावा फळ्यावर लिहीत आले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या सहा-सात महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून जे केलं, ते इथे सांगते. तुमच्या घरात, वर्गात कोणी असा प्रश्न विचारत असेल तर यातलं जे जमेल ते करून बघा. खर्च जवळजवळ शून्य आहे.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. कुठलीही गोष्ट बघायला जाण्याआधी दोघांनी आपापला अंदाज पेनाने लिहायचा: सपाट असेल तर काय दिसेल, गोल असेल तर काय दिसेल. आकडा लिहायचा, नुसतं "लहान दिसेल" चालणार नाही. बघून झाल्यावर कोणीही कशाचीही फोड करू शकतो. आधी लिहिलेला आकडा मात्र हलत नाही. आमच्या घरातला आवाज वहीमुळे निम्मा उतरला.

दुसरं म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट समजून घ्या. पृथ्वी सपाट मानणाऱ्यांच्या नेहमीच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी असतो, अंटार्क्टिका म्हणजे कडेची बर्फाची भिंत, आणि सूर्य साधारण पाच हजार किलोमीटर उंचीवर गोल फिरत असतो. हसू नका. हा नकाशा हातात घ्या, कारण त्यातूनच आकडे निघतात आणि आकडे तपासता येतात.

दोन मुठींचा हिशोब

हात सरळ पुढे ताणून मूठ वळली की ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा तुकडा झाकते. मार्चात किंवा सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखे असताना, आपल्याकडे सूर्य मावळतो तेव्हा त्यांच्याच नकाशावर तो आपल्यापासून तेरा हजार किलोमीटर लांब असतो. पाच हजार उंच, तेरा हजार लांब. कागदावर काटकोन त्रिकोण काढा आणि कोनमापक लावा: एकवीस अंश येतात. म्हणजे सपाट पृथ्वीवर सूर्यास्ताच्या वेळी सूर्य क्षितिजाच्या दोन मुठी वर हवा. भाच्याने स्वतः कोन मोजला आणि बराच वेळ गप्प बसला.

मग तो म्हणाला, लांब गेलेली वस्तू जमिनीला टेकल्यासारखी दिसते, रेल्वेचे रूळ नाही का एकत्र आल्यासारखे दिसत? मुद्दा चांगला होता. पण लांब गेलेली वस्तू लहानही दिसायला हवी. ते मोजायचं तर कवडसा वापरा.

कौलारू घरात वाढलेल्यांना सांगायला नको: कौलाच्या बारीक भोकातून जमिनीवर पडणारा गोल कवडसा म्हणजे भोकाचा आकार नव्हे, ती सूर्याची प्रतिमा असते. दोन मीटरची काठी घ्या. एका टोकाला दाभणाने एकच भोक पाडलेला पुठ्ठा लावा, दुसऱ्या टोकाला पांढरा कागद. काठी सूर्याच्या दिशेला धरली की कागदावर छोटी गोल चकती पडते. बघायचं फक्त कागदाकडे. सूर्याकडे थेट किंवा दुर्बिणीतून अजिबात बघू नका, मुलं असतील तर हे दोनदा बजावून सांगा.

दुपारी चकती अठरा-एकोणीस मिलिमीटर भरली. त्यांच्या नकाशाप्रमाणे संध्याकाळी पाचला सूर्य दुपारच्या दुप्पट लांब गेलेला असतो, म्हणून भाच्याने वहीत लिहिलं होतं: नऊ मिलिमीटर. पाचला मोजली. अठरा-एकोणीस. त्याने पट्टी बदलून परत मोजली, मग काठीची लांबी तपासली. तपासू द्या. घाई करू नका.

बोटी

समुद्रावर हे सगळ्यात सोपं आहे आणि घोळही इथेच जास्त होतो. डोळे पाण्यापासून दीड-पावणेदोन मीटरवर असतील तर क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. दहा-बारा किलोमीटरवरच्या ट्रॉलरचा खालचा दोन-चार मीटर भाग पाण्याआड जातो. केबिनचं टप आणि काठी तेवढी दिसते. सपाटवाले म्हणतात, कॅमेरा झूम केला की बोट परत दिसते. खरं आहे, जी नुसती बारीक झालेली असते ती दिसते. पाण्याआड गेलेला भाग झूमने वर येत नाही, तो फक्त मोठा होऊन "नाही" असा दिसतो. त्याच वेळी दुसऱ्याला सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळी पठारावर, उभं करा. नव्वद मीटर उंचीवरून क्षितिज चौतीस किलोमीटरवर जातं आणि तीच बोट वरून अख्खी दिसते.

कडक उन्हात पाण्यावरची हवा प्रकाश वाकवते, कधी बोट हवेत तरंगल्यासारखी दिसते, कधी लपायला हवी ती दिसते. म्हणून एका फोटोवर कुणी काहीही सिद्ध करू नये, आपणसुद्धा. चार वेगवेगळ्या दिवशी बघा.

आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखांना, भाच्याने सहज विचारलं, परत येताना आधी काय दिसतं? ते म्हणाले, "आधी डोंगराचा माथा, मग सडा, मग माड, मग घरं. पुळण सगळ्यात शेवटी." त्यांना या वादाची गंधवार्ता नव्हती.

एक मीटरची काठी, चार गावं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण शाळेत हे आपण अर्धवट शिकवतो. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांतल्या सावल्यांतला सात अंशांचा फरक घेऊन पृथ्वीचा परीघ काढला. पण त्याने गोलाई सिद्ध केली, हे चूक आहे. ती तो धरूनच चालला होता. दोनच गावं घेतलीत तर "पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ" असं म्हणूनही तोच फरक जुळवता येतो. सपाटवाल्यांना हे ठाऊक असतं आणि ते इथेच आपल्याला गप्प करतात. म्हणून गावं तीन किंवा त्याहून जास्त हवीत.

20 मार्च हा दिवस धरा, सूर्य विषुववृत्तावर असतो. एक मीटरची काठी सपाट जागी ओळंब्यात उभी करा. घड्याळातले बारा बघू नका. सावली सगळ्यात आखूड होते तो क्षण पकडायचा. मुंबईत तो पाऊणच्या सुमारास येतो, दिल्लीत साडेबाराच्या आसपास. बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी खूण करत राहा.

माझा एक जुना विद्यार्थी फौजेत लेहला आहे, एक दिल्लीत नोकरीला, भाची मुंबईत, आणि माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई नेमक्या कन्याकुमारीला सहलीला गेल्या होत्या. चौघांनी व्हॉट्सॲपवर आकडे पाठवले: कन्याकुमारी 14 सेंटिमीटरांहून किंचित जास्त, मुंबई साडेचौतीस, दिल्ली साडेचोपन्न, लेह 68.

आता सपाट पृथ्वी धरा आणि सूर्याची उंची काढा. काठीला सावलीने भागायचं आणि विषुववृत्तापासूनच्या अंतराने गुणायचं. उत्तर-दक्षिण अंतरं त्यांच्या नकाशातही आपल्याइतकीच असतात, त्यामुळे त्यावर वाद होत नाही. कन्याकुमारीवरून सूर्य 6,300 किलोमीटर उंच येतो. मुंबईवरून 6,100. दिल्लीवरून 5,800. लेहवरून 5,600. नॉर्वेतल्या हॅमरफेस्टपर्यंत हिशोब नेलात तर 2,750. सूर्य एकच, दिवस एकच, आणि उंची मात्र गावागणिक उतरत जाते. मोजण्यातली चूक म्हणावी तर सूर्य 6,300 वर राहण्यासाठी लेहची सावली 60 भरायला हवी होती, ती 68 भरली. फौजेतला मुलगा आठ सेंटिमीटर चुकणार नाही.

हेच आकडे गोलावर ठेवा. सावलीचा कोन काढून त्याने अंतराला भागा: चारही गावांत 111 किलोमीटरला एक अंश. 360 अंशांचे झाले 40,000 किलोमीटर. भाच्याने हे गणित माझ्यासमोर नाही केलं. रात्री एकट्याने केलं आणि सकाळी वही माझ्या उशाशी ठेवली होती.

आपल्याला जाता येत नाही तिथलं

विमानांची वेळापत्रकं कोणालाही बघता येतात. सिडनीहून चिलीतल्या सँटियागोला थेट विमान जातं, सुमारे 11,300 किलोमीटर, बारा-तेरा तासांत. सपाट नकाशावर हेच अंतर पंचवीस हजारांच्या वर भरतं. तेवढ्या वेळात ते कापायचं तर प्रवासी विमानाला आवाजापेक्षा जोरात उडावं लागेल. अंटार्क्टिकावर आपलं मैत्री केंद्र 1989 पासून आहे. तिथे डिसेंबरात सूर्य चोवीस तास मावळत नाही. कडेची बर्फाची भिंत असती तर हे घडूच शकत नाही. डिसेंबर 2024 मध्ये काही सपाटवाद्यांना मुद्दाम अंटार्क्टिकावर नेण्यात आलं होतं. त्यांच्यातल्या एकाने चोवीस तासांचा सूर्य बघून आपण इतकी वर्षं चुकत होतो हे कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. असं कबूल करायला फार बळ लागतं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

ग्रहणही सोडू नका. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबर 2025 ला खग्रास चंद्रग्रहण होतं. दहाच्या सुमारास चंद्राला सावली लागली. ढगांच्या फटीतून जेवढी दिसली तेवढी तिची कड आम्ही वहीत काढली, दर वेळी गोल. मग स्वयंपाकघरात बॅटरीसमोर ताट आणि मोसंबं धरून बघितलं. ताटाची सावली समोरून गोल, आडवं धरलं की पट्टी. मोसंब्याची कुठूनही गोलच.

बोलायचं कसं

"हे सगळं पाश्चात्त्यांचं" असं कोणी म्हणालं तर त्याला आर्यभटाचं सांगा. 499 साली त्याने लिहिलंय की कदंबाच्या फुलाला जसे चहूबाजूंनी केसर, तसे पृथ्वीगोलावर चहूबाजूंनी जीव. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी तर "मग सपाट का दिसते?" याचंही उत्तर दिलंय: परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा. तळ्याचं पाणी सपाट दिसतं ते याचमुळे. एका किलोमीटरला फरक पडतो जेमतेम आठ सेंटिमीटर.

पैज मात्र लावू नका. 1870 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने जॉन हॅम्पडन नावाच्या सपाटवाद्याशी पाचशे पौंडांची पैज घेतली. बेडफर्ड कालव्यावर सहा मैलांच्या सरळ पट्ट्यात सारख्या उंचीवर खुणा लावल्या. मधली खूण टोकांच्या मानाने वर दिसली आणि वॉलेस जिंकला. पण हॅम्पडनने हार मानली नाही. पुढे कित्येक वर्षं तो वॉलेसला शिव्यांची पत्रं पाठवत राहिला, त्यापायी तुरुंगातही गेला. चारचौघांत हरलेला माणूस बदलत नाही. म्हणून कार्यात, पंगतीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका. दोघंच असाल तेव्हा काढा, आणि त्याचा एखादा मुद्दा बरोबर असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा. माझा भाचा माझ्याशी बोलत राहिला तो मी ताटाची फेरी मान्य केली म्हणून.

आणखी एक प्रयोग राहिला. आम्ही तो जानेवारीत केला. पावसाळा संपल्यावर, क्षितिज स्वच्छ असलेली संध्याकाळ निवडा. एकाने पुळणीवर उभं राहायचं, दुसऱ्याने वर सड्यावर. फोन चालू ठेवायचा. सूर्याचा शेवटचा तुकडा बुडतो त्या क्षणी खालच्याने ओरडायचं, वरच्याने मोजायला लागायचं. पृथ्वी सपाट असेल तर हजारो किलोमीटर लांब जाणाऱ्या सूर्याला नव्वद मीटरनी काहीच फरक पडायला नको. भाच्याने लिहिलं: शून्य सेकंद. मी हिशोब करून लिहिलं: सत्तरएक.

तो खाली होता. फोनवर लाटांचा आवाज येत होता. "आत्या, गेला," तो म्हणाला. माझ्यासमोर सूर्याची अर्धी लाल चकती अजून पाण्यावर होती. मी मोठ्याने आकडे म्हणायला लागले. वीस झाले, चाळीस झाले. पन्नासच्या पुढे त्याने मधेच विचारलं, "अजून आहे?" "आहे," मी म्हणाले आणि मोजत राहिले. अडुसष्टला गेला. खाली तो काही बोलत नव्हता, पण वहीचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.