कोकणच्या रानात तंबूची जागा

दिवेलागणीच्या 2 तास आधी जागा शोधा. अंधारात डोक्यावरच्या वाळक्या फांद्या दिसत नाहीत, आणि वारा सुटला की त्याच खाली येतात.

पऱ्याच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, कोरड्या पात्रात तंबू नकोच. घाटमाथ्यावर पाऊस पडला की खाली आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येतो. काठच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा किती उंच आहे ते पाहा, त्याहून बरंच वर थांबा. पाणवठ्यापासून 60-70 पावलं लांब राहा, रात्री तिथे जनावरं येतात.

सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, सपाट असतो, पण जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या जड दगडांना बांधा. सैल दगडाखाली फुरसं हा विषारी साप असू शकतो, म्हणून दगड आधी लांब काठीने उलथा. देवराईत मुक्काम करू नका. वनखात्याची परवानगी आधीच काढा.