कमी खर्चात व्हिडिओ एडिटिंगचा लॅपटॉप निवडताना

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपण नेमके कोणते फुटेज एडिट करणार आहोत, हे घरीच नीट पाहून घ्यावे. मोबाइलवर टिपलेले अहिराणी विनोदी व्हिडिओ, १०८० पी मधले गाण्याचे चित्रीकरण आणि दोन कॅमेऱ्यांनी ४केमध्ये घेतलेले लग्न या तीन कामांचा भार सारखा नसतो. खान्देशात मी पाहिलेले बहुतेक नवे एडिटर पहिल्या दोन कामांपासून सुरुवात करतात आणि एक-दोन लग्नसराईंत तिसऱ्याकडे येतात, म्हणून लॅपटॉप निवडताना तिसरे काम डोळ्यांसमोर ठेवलेले बरे. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की रिझोल्यूशन, बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) आणि कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) दिसतात. एच.२६४ आणि एच.२६५ हे असे दोन कोडेक; एच.२६५ फाइल आकाराने लहान असली तरी ती उलगडताना प्रोसेसरवर एच.२६४ पेक्षा जास्त ताण पडतो. तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या फाइली, देत असेल, तर इंटेलच्या ११व्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा, कारण अशा फाइली उलगडण्याची सोय त्या चिपमध्येच आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली.

प्रोसेसरच्या नावात ‘आय ५’ किंवा ‘रायझन ५’ एवढेच वाचून थांबू नये, शेवटचे अक्षरही पाहावे. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारी चिप, तर ‘एच’ म्हणजे साधारण ४५ वॉटची, दीर्घ कामाला टिकणारी. आय ५-१२४५०एच आणि रायझन ५ ५६००एच या जुन्या झालेल्या चिपसुद्धा लग्नाचे काम व्यवस्थित पेलतात. याउलट रायझन ५ ७५२०यू हे नाव नवे वाटते, पण आतली झेन २ रचना २०१९ सालची आहे आणि कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) चारच आहेत. मोठ्या आकड्याला भुलून तो घेऊ नये.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. ८ जीबीचे मॉडेल स्वस्तात मिळत असेल आणि त्यात एक स्लॉट रिकामा असेल, तर नंतर आणखी ८ जीबी बसवता येते. मात्र रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असून स्लॉटच नसेल, तर तो लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. १०० एमबीपीएस बिटरेटचे एक तासाचे फुटेज सुमारे ४५ जीबी भरते, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे प्रत्येकी तीन तास धरले, तर एका लग्नाला २७० जीबी लागतात. म्हणून ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (लॅपटॉपच्या आतली वेगवान साठवणूक) चालू कामासाठी ठेवावी, दुसरी एसएसडी बसवण्याची जागा आहे का ते विचारावे आणि झालेले काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवत राहावे.

आता उष्णतेविषयी सविस्तर लिहितो, कारण पुण्या-मुंबईत बसून दिलेल्या सल्ल्यात ही गोष्ट हमखास सुटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लग्नसराईही तेव्हाच असते. माझा पहिला लॅपटॉप पातळ, देखणा आणि एकाच पंख्याचा होता. पत्र्याच्या खोलीत रात्री पाऊण तासात होणारा एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची अंतिम फाइल काढण्याचे काम, दुपारी दोन तासांवर जाई, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नसे आणि गिऱ्हाईक दारात बसलेले असे. यंत्रात बिघाड काहीच नव्हता; तापमान मर्यादेला पोहोचले की चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. त्यामुळे आपल्याकडे दोन पंख्यांचा, मागून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकणारा, थोडा जाडजूड लॅपटॉपच घ्यावा. ज्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, ते एरवी चांगले यंत्र असले तरी आपल्या उन्हाळ्यातल्या लांब एक्स्पोर्टसाठी मी सुचवणार नाही. ग्राफिक्स कार्डाचे वॉटही विचारावेत, कारण आरटीएक्स ३०५० हे एकच नाव ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंतच्या कार्डांना असते आणि त्यांच्या कामगिरीत मोठा फरक पडतो.

स्क्रीनकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ४५ टक्के एनटीएससीच्या, म्हणजे कमी रंग दाखवू शकणाऱ्या, स्क्रीनवर हळदीचा पिवळा रंग फिका दिसतो, म्हणून आपण तो वाढवतो, आणि तोच व्हिडिओ नवरीच्या मोबाइलवर पाहिला की हळद केशरी आणि चेहरे लालसर झालेले असतात. १०० टक्के एसआरजीबीची, म्हणजे प्रमाणित रंग पूर्ण दाखवणारी, स्क्रीन परवडली नाही, तर त्याच रंगक्षमतेचा साधा मॉनिटर नंतर जोडावा. तोपर्यंत रंग पक्के करण्यापूर्वी एक तुकडा चांगल्या मोबाइलवर पाहण्याची सवय ठेवावी.

दुकानात जाताना आपलेच फुटेज पेनड्राइव्हवर न्यावे आणि आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर उतरवून घ्यावे, नाहीतर पेनड्राइव्हचा संथपणा लॅपटॉपच्या माथी बसतो. चार्जर लावूनच तपासणी करावी, कारण बॅटरीवर वेग घटतो. दहा मिनिटांची टाइमलाइन सलग तीनदा एक्स्पोर्ट करून पहिल्या आणि तिसऱ्या वेळेतला फरक पाहावा. तो थोडाच असेल तर पंखे काम करत आहेत. दुकानदाराने परवानगी दिली नाही, तर तेच मॉडेल वापरणाऱ्या एखाद्या फोटोग्राफरकडे ही चाचणी करून मगच पैसे मोजावेत. जुना लॅपटॉप घेत असाल, तर विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ आणि आजची क्षमता ताडून पाहावी.

पैसे फारच कमी पडत असतील, तर ग्राफिक्स कार्डात तडजोड करावी, रॅम आणि पंख्यांत करू नये. ४के फुटेजच्या हलक्या प्रॉक्सी फाइली (एडिटपुरत्या कमी दर्जाच्या प्रती) करून एडिट केल्यास मध्यम लॅपटॉपवरही टाइमलाइन अडखळत नाही, आणि दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्रॅमच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. बिल घेताना त्यावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या नंबराशी जुळवावा, आणि शहादा, चोपडा, पारोळा अशा तालुक्याच्या गावी राहत असाल, तर ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे की लॅपटॉप घेऊन दुसऱ्या शहरातल्या सेवा केंद्रात जावे लागेल, हे पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारून घ्यावे.