जुन्या डेस्कटॉपवर नवी विंडोज टाकताना या चुका टाळा

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये डीटीपीची, झेरॉक्सची आणि लग्नपत्रिकांची जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांतल्या अनेकांच्या टेबलाखाली आजही २०१२-१३ च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप चालू असतो. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क असा तो संच असतो आणि त्याच्यावर रोजचे काम अडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार अधिकृतपणे संपला. घरगुती ग्राहकांसाठी दिलेली सुरक्षा-अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षा सोय), सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच यंत्र सुरू होऊ देणारी सोय) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ही यंत्रे अधिकृत यादीबाहेर पडली. ही तपासणी वगळून विंडोज ११ टाकता येते. रुफस या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवताना त्यासाठी एक चौकट टिचकीसरशी निवडावी लागते, एवढेच. म्हणूनच लोक हे काम सोपे समजतात. ओळखीच्या लोकांची अशी यंत्रे मी गेली काही वर्षे मार्गी लावत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की, तपासणी वगळताना सहसा कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या आधी न केलेल्या तयारीमुळे आणि नंतर न ठेवलेल्या लक्षामुळे.

प्रोसेसर कोणता, हे न पाहता सुरुवात करणे

"जुना पीसी" या एका शब्दात दोन फार वेगळ्या गोष्टी येतात. पहिल्या पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हनपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा) आहेत. त्यांच्या आधीच्या कोअर टू ड्युओ आणि कोअर टू क्वाडमध्ये पॉपकाउंट नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून या सूचना नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही आणि हा अडसर कोणतीही चौकट निवडून दूर होत नाही. काही जण मग आधीची २३एच२ आवृत्ती शोधून कोअर टू ड्युओवर टाकतात. त्या आवृत्तीच्या होम आणि प्रो प्रकारांची अपडेट नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबली, म्हणजे इतका खटाटोप करून पुन्हा असुरक्षित विंडोजच हाती येते. अशा यंत्रावर, रॅम चार जीबी असेल तर, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

दुसरी तपासणी ३२ बिटची. चार जीबी किंवा कमी रॅमच्या जुन्या यंत्रांवर पुष्कळदा ३२ बिटची विंडोज ७ किंवा १० टाकलेली असते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर "अपग्रेड" होत नाही, सगळे पुसून नव्यानेच टाकावे लागते. इथून पुढचा मुद्दा सुरू होतो, आणि सर्वांत मोठे नुकसान मी याच मुद्द्यावर झालेले पाहिले आहे.

यंत्राचा विचार करणे, कामाचा न करणे

सदाशिव पेठेतल्या एका गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या प्रोग्रॅमवर चालत होते. पंचवीसएक वर्षांपूर्वी कोणी तरी लिहून दिलेला तो काळा पडदा चिटणीसांच्या हाताला इतका बसला होता की, त्यांना माऊसची गरजच पडत नसे. एका उत्साही तरुण सभासदाने रविवारी दुपारी यंत्र "फॉरमॅट मारून" ६४ बिट विंडोज टाकली, सोमवारी सकाळी प्रोग्रॅम उघडेना. असे प्रोग्रॅम १६ बिटचे असतात आणि कोणतीही ६४ बिट विंडोज ते चालवत नाही. सुदैवाने फाइली वाचल्या होत्या, त्यामुळे डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच प्रोग्रॅम पुन्हा उभा करता आला. पण प्रिंटरवर पावत्या नीट येईपर्यंत आणखी चार संध्याकाळी गेल्या. हे आधी पाहिले असते, तर जुनी विंडोज चालू असतानाच डॉसबॉक्सची चाचणी घेता आली असती.

डीटीपीवाल्यांचा धोका आणखी वेगळा आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की पत्रिकेवरच्या "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती पुसणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल शाबूत असते, फॉन्ट तेवढा नसतो. त्यामुळे विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्ट्स हे फोल्डर पूर्णपणे वेगळे काढून ठेवणे हे पहिले काम. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचे छोटे उपकरण) असेल, तर त्या डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला विचारून, ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मगच पुढे जावे. कर सल्लागारांच्या कार्यालयात डिजिटल सहीच्या टोकनबाबतही हेच करावे.

प्रिंटरबाबत एक उदाहरण पुरे. एचपीचा लेझरजेट १०२० अनेक कार्यालयांत अजून धडधडत असतो. हा प्रिंटर चालू केला की, दर वेळी त्याचे फर्मवेअर (प्रिंटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) संगणकाकडूनच त्याच्यात जाते. म्हणून लिनक्सवर नुसते "प्रिंटर सापडला" असे दिसूनही कागद हलत नाही. एचपीएलआयपी या लिनक्ससाठीच्या एचपीच्या ड्रायव्हरसोबतचे वेगळे प्लगइन उतरवून घेतले की तो चालतो. ज्यांनी हे वाचलेले नसते, ते प्रिंटर भंगारात देतात.

"सगळे डी ड्राइव्हला ठेवले आहे"

बॅकअप घेतला का, असे विचारले की हे उत्तर हमखास येते. सी आणि डी ही बहुतेक घरगुती यंत्रांत एकाच हार्डडिस्कची दोन पार्टिशन असतात. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये सी, डी अशी अक्षरे दिसतीलच असे नाही. "ड्राइव्ह शून्य, पार्टिशन दोन" अशी ओळ दिसते, आणि घाईत नेमके नको ते पुसले जाते. बॅकअप म्हणजे यंत्रातून काढून कपाटात ठेवता येईल अशा वेगळ्या डिस्कवरची प्रत, आणि त्यातल्या चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज ती प्रत झाली असे मानू नये. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकमधल्या ईमेलची पीएसटी फाइल आणि डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे साचलेले कागद या तीन गोष्टी सर्वाधिक वेळा राहून जातात.

बायोसचा सेल न बदलणे

दहा-बारा वर्षांच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ आणि बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज जपणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, हे गृहीतच धरावे. लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, कारण एरवी फक्त घड्याळ चुकते आणि ते हाताने लावून काम भागते. नवी विंडोज टाकताना मात्र हाच सेल दोन प्रकारे आडवा येतो. तारीख २००९ किंवा २०१२ ला गेली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात, अपडेट उतरत नाहीत, विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही, आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. सेल संपल्यावर वीज गेली की बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. काही मदरबोर्डवर साटाचा (डिस्क जोडण्याच्या मार्गाचा) मूळ पर्याय एएचसीआय ही नवी पद्धत नसून आयडीई ही जुनी पद्धत असतो. एएचसीआयमध्ये टाकलेली विंडोज मग निळ्या पडद्यावर "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" दाखवून थांबते. काल रात्री उत्तम चाललेले यंत्र सकाळी असे का वागते, ते कळत नाही आणि पुन्हा फॉरमॅट केले जाते. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार. त्यामुळे "दर गुरुवारी बिघडते" अशी तक्रार आली की मी आधी सेल बदलतो, तारीख लावतो, साटा एएचसीआयवर आणतो, आणि बहुतेकदा तिथेच काम संपते. ज्या दिवशी वीज जाण्याची शक्यता आहे, त्या दिवशी बायोस अपडेट करण्याच्या भानगडीत तर पडूच नये.

दोन्ही डिस्क जोडून इन्स्टॉल करणे

हार्डडिस्कवर विंडोज ११ टाकून यंत्र मंद चालते म्हणून कष्टी होऊ नये. २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये, असे मी सांगतो. जुन्या बोर्डवर साटाचा वेग कमी असला, तरीही फरक लक्षणीय पडतो. पण एसएसडी जोडताना जुनी हार्डडिस्क तशीच ठेवली, तर इन्स्टॉलर विंडोज एसएसडीवर टाकतो आणि सुरुवातीचा बूट भाग मात्र पुष्कळदा जुन्या डिस्कवर आधीच असलेल्या पार्टिशनमध्ये लिहितो. सगळे व्यवस्थित चालते. सहा महिन्यांनी जुनी डिस्क आवाज करू लागते, ती काढली जाते, आणि एसएसडी सुरूच होत नाही. उपाय अगदी साधा आहे: इन्स्टॉल करताना नव्या एसएसडीखेरीज बाकी सर्व डिस्कच्या साटा केबल काढून ठेवाव्यात आणि विंडोज पूर्ण सुरू झाल्यावरच पुन्हा जोडाव्यात.

त्याच वेळी रॅम वाढवायची असेल, तर बुधवार पेठेत स्वस्तात मिळणारी आठ जीबीची डीडीआर-थ्री पट्टी घेताना ती "फक्त एएमडीसाठी" नाही ना, हे विचारावे. तशी पट्टी इंटेलच्या बोर्डवर चालत नाही आणि दोष मदरबोर्डच्या माथी मारला जातो.

एमबीआर, जीपीटी आणि घाबरून पुसलेली पार्टिशन

"निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे" असा संदेश देऊन इन्स्टॉलर अडला की, लोक एकेक पार्टिशन पुसत सुटतात. या संदेशाचा अर्थ एवढाच की पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने सुरू झाला आहे आणि डिस्कची आखणी मात्र एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे, यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीची नाही. २०११ नंतरच्या अनेक बोर्डांच्या बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एका नावाआधी "यूईएफआय" लिहिलेले असते, दुसऱ्याआधी नसते. डिस्क नवी व कोरी असेल, तर यूईएफआय निवडावे आणि रुफसमध्ये पेनड्राइव्हही जीपीटीसाठीच बनवावा. जुनीच डिस्क वापरायची असेल, तर विंडोजमध्ये एमबीआरटूजीपीटी नावाची सोय आहे, ती माहिती न पुसता रूपांतर करते. मात्र आपल्याकडच्या डिस्कवर डी आणि ई हे भाग बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतात, आणि तशी डिस्क ती सोय नाकारते. अशा वेळी हट्ट सोडून बॅकअप तपासावा आणि डिस्क नव्याने आखावी.

पहिल्या रीस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्या पायरीवर आले, तर काहीही बिघडलेले नाही. यंत्र पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू झाले आहे. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करावे.

मिळेल ती आयएसओ वापरणे

"हलकी केलेली", "आधीच ॲक्टिव्हेट केलेली" विंडोज कोणी पेनड्राइव्हवर आणून दिली, तर ती नम्रपणे परत करावी. अशा प्रतीत कोणी काय काढले आणि काय घातले, हे तपासण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो, आणि त्याच यंत्रावर पुढे बँकेचे व्यवहार होणार असतात. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आयएसओ (विंडोज टाकण्यासाठीची संपूर्ण फाइल) विनामूल्य उतरवता येते. परवान्याचे म्हणाल, तर त्याच यंत्रावर विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट असेल, तर विंडोज ११ तो परवाना ओळखते. विंडोज ७ किंवा ८ ची की वापरण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. परवान्यासाठी जवळ पैसे नसतील, तर मिंट हाच प्रामाणिक आणि सुरक्षित पर्याय आहे.

सुरू झाले म्हणजे संपले, असे समजणे

यादीबाहेरच्या यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. प्रत्यक्षात दर महिन्याच्या सुरक्षा अपडेट आजवर येत राहिल्या आहेत, परंतु पुढची वार्षिक आवृत्ती अशा यंत्राला आपोआप मिळत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे आधार असतो, म्हणून त्याआत नवी आयएसओ उतरवून ती हाताने चढवावी लागते. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी; जे यंत्र दुसऱ्याकडून बसवून घेतात, त्यांना याची कल्पनाही नसते आणि बसवून देणाऱ्याने ती देणे हे त्याचे कर्तव्य आहे.

विंडोज १० वरूनच अपग्रेड केले असेल, तर मागे फिरण्याची सोय फक्त १० दिवस असते. त्या १० दिवसांत खरे काम करून पाहावे: एक पत्रिका छापावी, एक चलन भरावे, स्कॅनरवर एक कागद घ्यावा. नव्याने टाकली असेल, तर जुनी हार्डडिस्क लगेच पुसून वापरायला घेऊ नये. मी ती कागदी पाकिटात घालून, पाकिटावर यंत्राचे नाव आणि तारीख लिहून मालकाच्या हाती देतो आणि निदान एक आर्थिक वर्ष संपेपर्यंत कपाटात ठेवायला सांगतो, कारण राहून गेलेली फाइल बहुधा मार्चअखेरीलाच आठवते.