रंग लावायच्या आधी गाडी एकदा पळवा

माझी स्प्लेंडर १९९७ ची. वडिलांची गाडी, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, काळा रंग. सहा वर्षं जिन्याखाली उभी होती. सीटवर कांद्याची पोती आणि टाकीवर मांजर. मी पॅटर्नमेकर, शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात ते नमुने, करतो. गॅरेजचा धंदा माझा नव्हे. तरीही ती गाडी घरासमोरच्या बोळात मीच खोलून पुन्हा चालती केली, आणि आता गल्लीतली पोरं "काका, आमची पण करून द्या की" म्हणून मागं लागतात. त्या पोरांसाठी हे लिहितोय.

आधी कागद. नोंदणीची १५ वर्षं झाली असतील तर पुन्हा पासिंग करून घ्या. ते पुढच्या ५ वर्षांसाठी मिळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याला विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. म्हणून माझे नियम साधे. चेसी कापायची नाही, दुसऱ्या गाडीचं इंजिन घालायचं नाही, सीट दोघांचीच ठेवायची. रंग बदलला तर त्याची नोंद करावी लागते, म्हणून मी काळाच ठेवला. शिवाय काळा रंग दिसतो भारी.

गाडी खोलताना घाई नको. कव्हरचे स्क्रू साध्या फुलीच्या पेचकसाला दाद देत नाहीत, कारण जपानी घडणीच्या स्क्रूची फुली थोडी वेगळी असते. पेचकस निसटतो आणि डोकं गोल होतं. इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर आणा, आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा, मग हातोडीचा एकच ठोका. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि वायरी सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो. मी फोटो काढले, चिठ्ठ्या मात्र "नंतर लिहू" म्हणून सोडल्या. त्यातले दोन बोल्ट आजही डब्यात आहेत. कुठले ते माहीत नाही, गाडी मात्र पळते.

हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, चाकांचे बेअरिंग, फोर्कचे ऑइलसील, चेन-स्प्रॉकेट, ब्रेकशू: हे सगळं नवीनच घाला, विचार करू नका. आरे गंजले असतील तर बदलून रिमचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढून घ्या. इंजिन धूर मारत नसेल तर उगाच खोलू नका.

टाकी आतून गंजली असेल तर नळी-कॉक काढून भोकं बंद करा. लिटरला साधारण १०० ग्रॅम लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. ओली राहिली तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होते. वाळली की आत थोडं ऑइल फिरवून ठेवा. टाकीला झाळकाम करायचं असेल तर ते स्वतः करू नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

आता मुद्द्याचं. बीडाचं ओतकाम थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न मीटरमागं साधारण १० मिलीमीटर मोठा ठेवतो. ही आकसण आधी धरली नाही तर पुढचा सगळा माल भंगारात. गाडीचंही तसंच. शोरूमसारखी चकचकीत करायच्या आधी ती एकदा उघडीवागडी, गंजक्या चेसीवर, पूर्ण जोडा. ब्रेक, लाईट, हॉर्न, सीट, सगळं. आणि पळवा. मग खोला, मग रंग.

पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. चेसीला आधी रंग मारला, नवी बसकी सीट बसवली, बोळातून बाहेर काढली. दोघं बसून पहिल्याच गतिरोधकावर घासल्याचा आवाज आणि रबराचा वास. मागचा टायर मडगार्डला लागून टेललाईटची वायर खात होता. ब्रॅकेट कापून पुन्हा झाळलं, आणि नव्या रंगाला ग्राइंडरच्या ठिणग्यांनी देवी आल्यासारखे फोड आले.

दुसऱ्या वेळी सीटचा पॅटर्न पुठ्ठ्याचा केला. मूळ सीटच्या हुकाला आणि मागच्या बोल्टच्या भोकांना जुळेल असा. मग कणीक घेतली. "चपातीची कणीक आता गाडीला लावणार काय?" असं बायकोनं विचारलं, आणि तेच केलं. मडगार्डच्या आत, टायरच्या बरोबर वर, लिंबाएवढे तीन गोळे चिकटवले. भाचा आणि मी बसलो, गाडी गल्लीतल्या खड्ड्यातून आणि गतिरोधकावरून सावकाश चार वेळा नेली. परत आल्यावर मधला गोळा बघितला: चपटा होऊन ४ मिलीमीटर उरलेला, वर टायरची नक्षी उमटलेली. मला किमान २० हवे होते. मडगार्ड उचलला, पुन्हा गोळे, पुन्हा फेरी. तिसऱ्या वेळी गोळा होता तसाच राहिला, तेव्हाच सीटचा तो पुठ्ठा झाळणाऱ्याकडं नेला. टायर मूळ मापाचा, २.७५-१८ चाच ठेवला. जाड घालायचा असेल तर हीच कणीक चेनच्या बाजूलाही लावून बघा.

हँडल बुटकं घातलं तर इंजिन चालू ठेवून ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वळवताना रेस वाढली तर ॲक्सिलेटरची केबल ओढली जातेय. बोटं टाकीला चेपत असतील तर ते हँडल परत करा. दुकानदार कुरकुरतो, करू दे.

वायरिंगला लोक घाबरतात ते उगाच. हिरवी वायर अर्थ, लाल बॅटरीची, काळी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. इथंच फसगत होते. भाच्यानं घरच्या वायरिंगच्या सवयीनं काळी चेसीला जोडली आणि चावी फिरवताच फ्यूज गेला. "मामा, काळी म्हणजे अर्थच न्हवं?" न्हवं रे बाबा. शिवाय या गाडीचा हेडलाईट बॅटरीवर नाही, इंजिन चालू असताना थेट मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर जळतो. त्यामुळं फक्त डीसीवर चालणारा एलईडी तिथं लावला तर लुकलुकत बसतो.

सायलेन्सर आणि एअरफिल्टरचा डबा मूळचेच ठेवा. ते काढले की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापतं, आणि आवाजाचा दंड वेगळा.

उघड्या गाडीवर दोनशे किलोमीटर काढा. मी आधी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, मग वाघबीळवरून जोतिबा. चढाला क्लच कळतो, उताराला ब्रेक. परत आल्यावर प्लग काढून बघा. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढरा असेल तर कुठंतरी हवा घेतेय.

मग रंग. चेसी पावडर कोटिंगला देताना चेसी नंबरावर, आट्यांवर आणि कोनसेटच्या वाट्या बसतात त्या जागेवर स्वतःच्या हातानं टेप लावा. थर जाड असतो, नंबर बुजला तर पासिंगला ट्रेस (कागदावर घासून घेतलेला नंबराचा ठसा) उमटत नाही आणि वाट्याही बसत नाहीत. "आम्ही लावतो की टेप" या शब्दावर जाऊ नका. टाकीला ड्यूको (फवाऱ्यानं मारायचा रंग) मारायचा तर जून ते सप्टेंबर सोडून. आपल्या पावसात दमट हवेनं तो पांढुरका पडतो.

पहिली जोडणी चार महिने चालली. दुसरी दोन रविवारांत झाली, कारण प्रत्येक बोल्टला आपली जागा आधीच माहीत होती. वडील बाहेर आले, सीटवर मागं थाप मारून म्हणाले, "हितं तुझी आई बसंल न्हवं?" मग दोघं अंबाबाईला जाऊन आले.

पाचशे किलोमीटर झाले की आरे वाजवून बघा, ढिला असेल तो बदबद वाजतो. चेनचा ताण बघा. पुढचं चाक उचलून हँडल हलवा. टकटक जाणवली तर कोनसेटचा नट थोडा आवळा, हँडल जड होईल इतका नाही.