स्टोमाभोवतीचा हर्निया दुर्बिणीतून दुरुस्त करताना या चुका टाळा

स्टोमाशेजारचा (आतड्याचे टोक बाहेर काढण्यासाठी पोटावर केलेल्या तोंडाशेजारचा) हर्निया म्हणजे पोटावरच्या इतर हर्नियासारखाच, फक्त मधून आतडे जाते, असा समज करून घेऊन येणारे तरुण सर्जन मला दर वर्षी भेटतात. ते ‘फक्त’ किती महाग पडते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

गुदाशयाच्या कर्करोगासाठी कायमचा कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) केलेल्या एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेत, हर्नियाच्या पिशवीत चिकटलेला एक ताणलेला पट्टा मी साधी चिकटण समजून अल्ट्रासॉनिक कात्रीने (कंपनातून उष्णता निर्माण करून कापणाऱ्या) सोडवला. तो स्टोमाकडे जाणाऱ्या मोठ्या आतड्याचाच काठ होता. भिंतीवर नखाएवढा पांढुरका डाग उमटला होता आणि तो मला दिसलाही होता, परंतु यादीत पुढचे दोन रुग्ण असल्यामुळे मी त्यावर टाका घातला नाही. तिसऱ्या दिवशी निचऱ्याच्या नळीतून विष्ठा आली. पोट पुन्हा उघडावे लागले आणि हर्नियाचे छिद्र झाकण्यासाठी बसवलेली जाळीही काढावी लागली. तेव्हापासून मी शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच स्टोमातून फोली कॅथेटर (टोकाशी फुगा असलेली मऊ नळी) आत सरकवतो, फुगा जेमतेम भरतो आणि स्टोमा चिकट ड्रेपने झाकतो. शंका आली की सहाय्यक बाहेरून कॅथेटर हलवतो आणि पडद्यावर जे हलते ते स्टोमाचे आतडे, हे लगेच कळते. पिशवीच्या आत मी उष्णता वापरतच नाही, साधी थंड कात्री वापरतो. याला वीस मिनिटे जास्त लागतात, आणि ज्यांना ती परवडत नाहीत त्यांनी हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक म्हणजे जाळीला चीर देऊन आतड्याभोवती कॉलरसारखी बसवणे. ही कीहोल पद्धत दिसायला नेटकी आणि करायला सोपी असल्यामुळे नवशिक्यांना फार आवडते. परंतु जाळी आक्रसते, मधले भोक रुंदावते आणि हर्निया त्याच वाटेने परत येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दुर्बिणीतून केलेल्या कीहोल दुरुस्तीनंतर हर्निया परतण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्के, तर शुगरबेकर पद्धतीनंतर सुमारे १२ टक्के आढळले होते. पॉल शुगरबेकर यांनी १९८५ साली खुल्या शस्त्रक्रियेसाठी मांडलेल्या या पद्धतीत जाळी अखंड राहते आणि आतडे तिच्याखालून बाजूला वळवून नेले जाते. मात्र आतडे जाळीखाली शिरते त्या तोंडापाशी टॅक (जाळी पोटाच्या भिंतीला पक्की करणारे बारीक खिळे) घट्ट मारले, तर आतडे अडते. ग्रास्परचे (पकडायच्या लांब चिमट्याचे) टोक तिथून सहज सरकत असेल, तरच मी पुढचा टॅक मारतो. जाळी छिद्राच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी किमान ५ सेंटिमीटर पसरलेली असावी, आणि आतड्याकडच्या बाजूला आवरण नसलेली साधी पॉलिप्रोपिलीन जाळी पोटात ठेवू नये.

पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारे आत घालायच्या नळ्या) स्टोमाच्या विरुद्ध बाजूला घ्यावेत. सीटी स्कॅनशिवाय टेबलावर जाऊ नये, कारण मधल्या जुन्या व्रणातला दुसरा हर्निया हाताला लागत नाही. धूम्रपान किमान महिनाभर आधी बंद हवे. रुग्ण ‘कमी केले आहे’ म्हणाला, तर तारीख पुढे ढकलावी.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या आठवड्यात स्टोमाशेजारी फुगवटा दिसला की घाबरून सुई घालणारेही मी पाहिले आहेत. हर्नियाच्या रिकाम्या पिशवीत साठलेला तो द्रव बहुधा आपोआप जिरतो, आणि सुईने मात्र जाळीपर्यंत जंतू पोहोचतात.