पोराचा दमा: पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं अजिबात नाही

पोराला दमा आहे म्हटलं की आधी पंपाच्या (इनहेलरच्या) खर्चाचं टेन्शन येतं, पण खरा खड्डा पडतो तो ॲटॅक आल्यावर. मध्यरात्री इमर्जन्सी, ॲडमिट, गाडीभाडं, वर आई नाहीतर बाप कामावर खाडा करणार म्हणजे तो रोजही बुडाला. म्हणून कात्री कुठं लावायची ते नीट ठरवा.

पंप दोन प्रकारचे. सालब्युटामॉल, जो बहुतेक वेळा निळा असतो, तो धाप लागली की लगेच मोकळं करतो. दुसरा ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेटासोनचा, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला. त्याने लगेच काही जाणवत नाही पण श्वासनळीची सूज तोच कमी करतो, आणि पैसे कमी पडले की लोक नेमका हाच बंद करतात, कारण पोरगं तर ठणठणीत दिसतंय ना! दिसतंय ते त्याच्यामुळेच. वर्षात निळे 3 किंवा जास्त पंप संपत असतील तर दमा ताब्यात नाही समजा आणि दाखवून या.

डॉक्टरांना पैशाचं तोंडावर सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जेनेरिक, म्हणजे मोठ्या ब्रँडचं नाव नसलेलं तेच औषध, चालेल का, चिठ्ठीतलं कुठलं औषध सोडलं तर चालेल, हे सरळ विचारा. खोकल्याची सिरप आणि टॉनिकं बऱ्याचदा उगीच असतात. ही पंपाची औषधं डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक यादीत आहेत, त्यामुळे सरकारी दवाखान्यात चौकशी कराच.

नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफेसारखी फवार करून मास्कने देणारी मशीन, घ्यायची घाई नको. साध्या-मध्यम ॲटॅकला पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मधे लावायचा पोकळ डबा) तेवढंच काम करतो. स्पेसर परवडत नसेल तर 500 मिलीची प्लास्टिकची बाटली घ्या, साबणाने धुवून वाळवा, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडा, पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर टेप लावा. बाटलीच्या तोंडाने मूल श्वास घेणार, एक पफ मारायचा, 5-6 शांत श्वास, मग दुसरा. दोन्ही पफ एकदम मारले तर औषध वाया जातं. अगदी लहान बाळाला मात्र मास्क लागतो, तिथं हा जुगाड नको. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. धुतलेला स्पेसर फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या, पुसला की आत औषध चिकटतं.

पंपावर किती पफ आहेत ते लिहिलेलं असतं, निळ्यात बहुधा 200. काउंटर नसेल तर वहीत रेघा मारा. पाण्यात तरंगतो का बघणं बेभरवशाचं आहे, संपलेला पंप ऐन वेळी हातात आला तर सगळंच महागात पडतं. घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर ती बंद, यात उलट पैसे वाचतात.

आणि एक वाक्य बोलताना दम तुटतोय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळे पडतायत असं दिसलं तर पैशाचं नंतर बघू, स्पेसरने निळा पंप देत देत थेट हॉस्पिटल गाठा.